नाडीपरीक्षा

खिळे,

क्लबच्या पंचाहत्तरीची पुस्तिका निघते आहे. तुमच्यावर दहा ओळी द्या असा निरोप आला, मी दिल्या. हसतमुख, कष्टाळू, अबोल. अबोल आणि तुम्ही! तुमच्या खोलीवरून जाणाऱ्या माणसाची अर्धा तास सुटका नसायची. पण दहा ओळींत माणूस बसवायचा म्हणजे कुठेतरी हातपाय दुमडावेच लागतात. फोटोही त्यांनी भलताच निवडलाय. त्यात तुमच्या अंगात कोचचा कोट आहे.

हे पत्र पुस्तिकेसाठी नाही. तुम्ही एका मुलीच्या नवऱ्याबद्दल शब्द दिलात, दोन दिवसांनी तो परत घ्यायला धापा टाकत जिना चढून आलात, आणि तो तुम्हाला परत मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सांगायचं काम माझं होतं. ते आता करते आहे, तुम्ही गेल्यावर, म्हणजे अगदी सोयीच्या वेळी. मध्ये मध्ये तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगेन. वैतागू नका. हे वाचणारे सगळे काही अडतीस वर्षं आपल्या क्लबात नव्हते.

तुमचं खरं नाव क्लबात फक्त मला ठाऊक होतं, कारण हजेरीपट माझ्या टेबलावर असायचा. बाकी सगळ्यांचे तुम्ही खिळेमामा. फुटबॉलच्या बुटाच्या तळव्याला जे खिळे असतात, मैदान ओलं असेल तर लांब आणि कोरडं असेल तर आखूड, ते चावीने काढायचे आणि बसवायचे, हे तुमचं काम. शिवाय बूट धुणं, सुकवणं, टाके घालणं, मोजे जोडीने लावणं. मी तेवढी तुम्हाला नुसतं खिळे म्हणायचे, आणि तुम्ही मला बाई.

त्याआधी तुम्ही बुटांच्या कारखान्यात होतात. तिथल्या तळवे कापायच्या यंत्राने तुमच्या डाव्या करंगळीचं टोक घेतलं आणि कारखान्याने तुम्हाला घरी बसवलं. आमच्याकडे आलात तेव्हा त्या वेळच्या कोचने विचारलं होतं, ‘‘स्वतः कधी फुटबॉल खेळलायस?’’

‘‘अकरा मिनिटं.’’

‘‘मग काय झालं?’’

‘‘मग साहेब, त्यांच्या लक्षात आलं.’’

त्या उत्तरावर तुम्हाला नोकरी मिळाली. मी तिथेच बसून टाइप करत होते आणि माझी एक ओळ चुकली.

तुमची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. छत उतरतं, त्यामुळे नवा माणूस आत आला की पहिल्यांदा त्याचं डोकं आपटायचं. मग तुम्ही तुळईवर खडूने ‘वाका’ असं लिहिलंत. अध्यक्षांना ते आवडलं नव्हतं. त्यांना कुणी वाका म्हटलेलं आवडायचं नाही. आत ओल्या कातड्याचा, साबणाचा आणि सांध्यांना चोळायच्या मलमाचा वास. बुटांत कोंबायला ऑफिसातली जुनी वर्तमानपत्रं मी खाली पाठवायचे. तुम्ही ती आधी वाचायचात आणि मग कोंबायचात. ‘‘अग्रलेखाचं पान सगळ्यात चांगलं पाणी ओढतं, बाई,’’ असं एकदा म्हणालात. ‘‘मुळात इतकं कोरडं असतं ना!’’

सामना मात्र तुम्ही बघायचा नाहीत. मैदानाकडे जायच्या बोळाच्या तोंडाशी स्टूल टाकून, मैदानाकडे पाठ करून, हातात चावी घेऊन बसायचात. लोकांच्या ओरडण्यावरून तुम्हाला गोल कळायचा, आणि बोळातून परत येणाऱ्या पावलांच्या आवाजावरून कुणाच्या बुटाचा खिळा सैल झालाय तेही. घरी वहिनी शर्टांवर आकडे शिवायच्या. सहा आणि नऊ त्या एकाच मापाने कापायच्या आणि शिवताना फिरवायच्या. ‘‘पोट वर आलं की सहाचा नऊ होतो, यांच्यासारखा,’’ असं तुमच्या तोंडावर म्हणायच्या. त्यांच्यापुढे तुम्ही खरंच अबोल असायचात, हे मान्य.

आता मूळ गोष्ट.

आपला क्लब लहान. चांगला खेळाडू आपल्याला परवडायचा नाही, आणि जो परवडायचा तो चांगला नसायचा. यातून अध्यक्षांनी एक वाट शोधली होती. पायात जादू आहे, पण मैदानाबाहेर नावाला काहीतरी चिकटलेलं आहे, म्हणून मोठे क्लब हात लावत नाहीत, असा माणूस शोधून आणायचा. पहिला आला तो गोलकीपर. पिऊन गाडी चालवत चष्म्यांच्या दुकानात घुसला होता, काचेतून. दुसरा मधल्या फळीतला, त्याने हॉटेलात एका वेटरचे दोन दात पाडले होते. प्रत्येकाच्या वेळी वर्तमानपत्राला द्यायचं निवेदन मी टाइप केलं. ‘आमचा क्लब माणसाला दुसरी संधी देतो.’ वाक्य माझंच होतं. मला ते फार बरं जमलंय असं वाटायचं.

ही माणसं आली की तुमच्या ताब्यात यायची. बाकीच्यांचे बूट तुम्ही धुवायचात, पण यांना सांगायचात, ‘‘सहा महिने आपले बूट आपण घरी न्यायचे. आपल्या हातांनी धुवायचे. दर सोमवारी सकाळी माझ्या फळीवर आणून ठेवायचे.’’ मग सोमवारी तुम्ही चष्मा पुसून बसायचात. चिखल निघालाय का हे कुणीही बघेल. तुम्ही नाड्या बघायचात. गाठ सोडून बूट काढला की टाचेवर टाच दाबून ओरबाडला? नाडी भोकांतून काढून वेगळी धुतली, की बुटासकट नळाखाली धरली? वैद्य मनगट धरून बसतो तसे तुम्ही बूट धरून बसायचात. कुणीतरी त्याला नाडीपरीक्षा म्हटलं आणि ते नाव पक्कं झालं.

आणि गंमत म्हणजे तुमचं निदान चुकायचं नाही. गोलकीपरने पहिल्या सोमवारी चिखलाने भरलेले बूट आणले, एकात मोजा तसाच. सहाव्या सोमवारी नाड्या सुटलेल्या होत्या. बाराव्या सोमवारी तो तुमच्या स्टुलावर बसून तुमच्याकडून टाका घालायला शिकत होता. तो पुन्हा प्यायला नाही. दात पाडणारा त्या वेटरला भेटून आला, तेही कुणी न सांगता. ‘‘बाई, रोज तासभर स्वतःच्या चिखलाशी बसला की माणूस निवतो,’’ असं तुम्ही सांगायचात, आणि मी, तर्कशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई, मान डोलवायचे. बूट स्वच्छ, म्हणून माणूस स्वच्छ. या दोहोंना जोडणारं मधलं पद कुठे आहे, हे मी पहिल्या वर्षाला असताना लगेच विचारलं असतं.

त्या वर्षी आपण तळाला होतो. अजून चार सामने हरलो असतो तर खालच्या गटात गेलो असतो. तेव्हा नऊ नंबर आला. त्याच्या आधीच्या क्लबाने त्याला का सोडलं ते सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याबरोबर राहणारी मुलगी हात मोडून दवाखान्यात होती. पुढे तिने तक्रार मागे घेतली. मग त्याने दुसरीशी लग्न केलं. ही बायको दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायला आणि वेळा लिहायला असायची. लग्नानंतर तिने ते सोडलं होतं.

बैठकीत गोलकीपरसारखाच हाही सुधारेल असं अध्यक्ष म्हणाले. कोच म्हणाला, ‘‘मी गोल शोधतोय, जावई नाही.’’ सगळे हसले. ‘ज्यांचा तो जावई आहे त्यांचं काय?’ असं मी म्हणायला हवं होतं. मी काय म्हटलं? ‘‘सह्या कुठे करायच्या तिथे मी पेन्सिलीने फुल्या केल्यात.’’

गोल त्याने केले, भरपूर केले. बोलायला मऊ. तुम्हाला वाकून ‘येतो मामा’ म्हणायचा, मला दार उघडून धरायचा. आणि बूट! पहिल्या सोमवारपासून आरशासारखे. आतला तळवा काढून वेगळा सुकवलेला. खिळ्यांच्या खाचा काडीने कोरलेल्या. तुम्ही खूश. मग एका सोमवारी तुम्ही हातात दोन पांढऱ्या नाड्या घेऊन ऑफिसात आलात. लहान पोराला पहिला दात आल्यासारखा तुमचा चेहरा.

‘‘बाई, बघा तर! नाड्यांना इस्त्री!’’

‘‘इस्त्री?’’

‘‘छत्तीस वर्षांत पाहिली नाही मी. बघा, कडा कशा बसल्यात. हा पोरगा नुसता निवला नाही, संन्यासी झाला.’’

मी नाडी बोटांत धरली. ती रिबिनीसारखी सपाट होती. आणि खरं सांगते, खिळे, एक क्षणभर माझ्या डोक्यात आलं की कुठला पुरुष बसून नाड्यांना इस्त्री करतो? एक क्षणच. मग फोन वाजला. मी नाडी तुम्हाला परत दिली आणि म्हटलं, ‘‘माझ्या चादरींनाही करेल का विचारा.’’ तुम्ही हसत खाली गेलात आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या नाड्या दाखवत राहिलात.

सहा महिने झाले. असा पूर्वेतिहास असलेल्या खेळाडूला कायम करायचं तर फुटबॉल संघटनेचा एक फॉर्म असायचा. त्यात ‘मैदानाबाहेरील वर्तणूक’ अशी ओळ, आणि खाली त्याला रोज बघणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांच्या सह्या. ‘समाधानकारक’ लिहिलं की विषय संपला. तसं नाही लिहिलं, तर संघटनेतली एक बाई त्याच्या घरी जाऊन बायकोशी एकटीशी बोलणार, आणि तिचा अहवाल येईपर्यंत तो खेळणार नाही. नियम बरा होता. कुणीतरी डोकं चालवून केला होता.

मंगळवारी तुम्ही सही केलीत. तुमची सही म्हणजे एकेक अक्षर खिळ्यासारखं ठोकलेलं. खाली मी केली, घाईत, नेहमीसारखी.

गुरुवारी सकाळी ती आली. नऊ नंबरची बायको. मी तिला फक्त एकदा, लांबून, प्रेक्षकांत पाहिली होती. बारीक, केस घट्ट बांधलेले, छातीशी कापडी पिशवी. तिला तुमची खोली सापडेना म्हणून ती वर ऑफिसात आली, आणि मी तिला खाली घेऊन गेले. तुळईपाशी मी ‘वाका’ म्हणायच्या आत ती वाकली होती.

‘‘मामा, बूट घरी राहिले. ते... सराव सुरू झाला का?’’

‘‘अर्धा तास आहे अजून. बैस ना पोरी. धावत आलीस की काय?’’

ती बसली नाही. पिशवीतून बूट काढून तुमच्या फळीवर ठेवले, टाचा जुळवून. मग म्हणाली, ‘‘नाड्या एकदा बघून घेता का? मागच्या सोमवारी डाव्या नाडीच्या टोकाला डाग राहिला होता ना. या वेळी मी दोनदा सोड्यात भिजवल्या.’’

तुम्ही चष्मा वर केलात. ‘‘तू भिजवल्यास?’’

‘‘हो. म्हणजे, ते दमलेले असतात.’’

‘‘आणि डाग? कसला डाग?’’

‘‘तुम्हीच म्हणालात ना, मामा. ते म्हणाले, खिळेमामांनी सगळ्यांसमोर डाग दाखवला. आणि असंच चाललं तर ते नापास करतील, आणि मग...’’

‘मग’च्या पुढे ती गेली नाही. तिने बाही खाली ओढली. पण त्याआधी आपण दोघांनी पाहिलं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला इस्त्रीच्या टोकाची खूण. स्पष्ट, त्रिकोणी.

‘‘हे काय झालं?’’ तुम्ही विचारलंत.

‘‘इस्त्रीचं. माझाच वेंधळेपणा.’’

तुम्ही बूट बाजूला सरकवलेत. मग जे बोललात ते मी विसरलेले नाही. ‘‘पोरी, डाग नव्हता. कधीच नव्हता. मी कुणाला काही दाखवलं नाही.’’

‘‘नव्हता?’’

तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, रडू आलं नाही. एखादा लांबलचक हिशोब पहिल्याच ओळीत चुकला होता हे कळल्यावर जसं माणूस कागदाकडे बघत राहतं, तशी ती त्या बुटांकडे बघत राहिली. मग ‘येते मामा’ म्हणाली, मला ‘येते काकू’ म्हणाली, आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. माझ्या टेबलावर पत्रं पडली होती.

तुमच्या लक्षात जे आलं ते मला तुम्ही नंतर शंभरदा सांगितलंत. तुमची परीक्षा त्या घरात दर रविवारी काठीसारखी भिंतीला टेकून उभी असायची. तुम्ही इकडे नाड्या मिरवत होतात, आणि तिकडे तो तिला सांगत होता, खिळेमामा काय म्हणतील. तुमचं नाव घेऊन, खिळे. त्या क्लबात ज्या एका माणसाने कधी कुणावर आवाज चढवला नव्हता, त्याचं नाव घेऊन.

तासाभराने तुम्ही ऑफिसात आलात. हातात चावी तशीच.

‘‘बाई, तो कागद द्या.’’

‘‘कुठला?’’

‘‘माझ्या सहीचा. खोडायची आहे.’’

‘‘गेला.’’

‘‘कधी?’’

‘‘सकाळीच.’’

हे ते सांगायचं होतं. कागद गेला नव्हता. टपाल शुक्रवारी जायचं. तो फॉर्म निळ्या फायलीत, माझ्या कोपराखाली होता. मी कोपर हललं तरी दिसेल म्हणून ते हलवलंसुद्धा नाही.

का केलं? कारणं देते, सगळी खरी आहेत. आणखी पाच सामने होते आणि तो नसता तर आपण गेलो असतो. अध्यक्षांना मी घाबरत होते, तोंडाने कितीही फटकळ असले तरी. फॉर्मवर माझीही सही होती, आणि ती खोडायची म्हणजे आपण न बघता सही केली असं लिहून देणं. आणि एक कारण फार क्षुल्लक आहे, पण तेही होतं. काम झालेलं होतं. झालेलं काम पुन्हा काढायचा मला आयुष्यभर तिटकारा. यातलं एकही कारण पुरेसं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

तुम्ही म्हणालात, ‘‘अरेरे,’’ आणि माझ्यावर विश्वास ठेवलात.

तिथून तुम्ही अध्यक्षांकडे गेलात. ‘मला माझा शब्द परत हवाय,’ असं म्हणालात. ते म्हणाले, ‘‘खिळेमामा, शब्द म्हणजे काय छत्री आहे, विसरली म्हणून न्यायला आलात?’’ कोच तिथेच होता. तो म्हणाला, ‘‘सही करताना डोळे कुठे होते मामा? बुटात?’’ तुम्ही हे मला जसंच्या तसं सांगितलंत, त्या दोघांच्या आवाजांच्या नकलेसकट. सवयच होती ती तुम्हाला. पण हसला नाहीत.

संघटनेला तुम्ही स्वतःच्या अक्षरात पत्र पाठवलंत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, छापील. फॉर्म नियमानुसार प्राप्त झाला आहे, कळावे. आणि वहिनींना घेऊन एका सामन्याच्या दिवशी तुम्ही तिच्या घरी गेलात. तिने साखळी लावूनच दार उघडलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे चल, माझ्या खोलीत पलंग आहे, हे बाहेर झोपतील.’’ ती म्हणाली, ‘‘मी बरी आहे मावशी. तुम्ही इथे आल्याचं कळायला नको.’’ आणि दार लावलं.  घरी आल्यावर वहिनी तुम्हाला म्हणाल्या, ‘‘बुटं बघून माणसं ओळखतो म्हणे! धुणाराचे हात कोण बघणार?’’ 

आपण वरच्या गटात टिकलो. शेवटच्या सामन्यात त्याने दोन गोल केले. लोक मैदानात उतरून नाचले, आणि तुम्ही बोळात स्टुलावर पाठ करून बसून होतात. हंगाम संपल्यावर एका मोठ्या क्लबाने त्याला नेलं. त्यांनी आधी कागद मागवले. ‘समाधानकारक’, खाली दोन सह्या. मीच पाठवले.

तिकडे दुसऱ्याच महिन्यात शेजाऱ्यांनी दार फोडलं. ती जगली. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही, आणि जबड्याला तार घालावी लागली. बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली होती. ती तुम्हाला कळली ती कशी, हे दुसऱ्या कुणाला खरंही वाटणार नाही. मी खाली पाठवलेल्या गठ्ठ्यातलं पान तुम्ही बुटात कोंबायच्या आधी वाचलंत. मी दुपारी खाली आले तेव्हा तुम्ही ते पान मांडीवर ठेवून बसला होतात, आणि फळीवर अकरा जोड ओले पडले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळच्या सरावाला पोरांनी ओले बूट घातले.

त्या दिवसानंतर तुम्ही कुणाच्या नाड्या बघितल्या नाहीत. पुढच्या वर्षी आणखी एक असाच खेळाडू आला, त्याने तुमच्या फळीवर बूट आणून ठेवले आणि विचारलं, ‘‘मामा, परीक्षा?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘मी नापास झालो बाबा. ठेव तिथे, मी धुतो.’’ त्याला वाटलं तुम्ही थट्टा करताय. खोलीवरून जाणारी माणसं आता सरळ पुढे जाऊ शकायची. तेव्हा पुस्तिकेतला ‘अबोल’ शेवटच्या दोन वर्षांपुरता खरा धरायला हरकत नाही.

निवृत्त झालात त्या आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, ‘‘बाई, आपण तिला भेटून येऊ.’’

ती तिच्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेली होती. पत्ता नऊ नंबरच्या जुन्या कागदांत, बायकोच्या नातेवाइकांच्या रकान्यात सापडला. बसने चार तास. ‘‘मी एकटा गेलो तर ती घाबरेल,’’ असं तुम्ही म्हणालात. ‘‘बाईमाणूस बरोबर असलेलं बरं. आणि तुम्हाला बोलता येतं.’’

‘‘काय बोलायचं आहे?’’

‘‘की सही माझी होती. तिला कागद कुणी दाखवला नसेल. तिला वाटत असेल, कळूनही क्लबात कुणी काही केलं नाही. तिला कळायला हवं की एका माणसाला दोन दिवसांनी कळलं होतं, आणि तो जिना चढून गेला होता. फक्त कागद निघून गेला होता.’’

हे तुम्ही माझ्यासमोर बसून म्हणालात. मी चहा ढवळत होते, आणि ढवळतच राहिले. तिच्या बहिणीच्या घरात बसून तुम्ही ते वाक्य बोलणार होतात आणि मी शेजारी असणार होते. म्हणजे त्याआधी मला तुम्हाला खरं सांगावं लागलं असतं, किंवा तिच्यासमोर दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून पहिल्या शनिवारी मला खोकला झाला. दुसऱ्या वेळी तुमचा गुडघा सुजला, तो मात्र खरा होता. तिसऱ्या वेळी आपण बसथांब्यावर पोचलो. तुम्ही धुतलेला शर्ट घातला होता आणि वहिनींनी तिच्यासाठी लोकरीची शाल दिली होती. गाडी आली, दार उघडलं. मी म्हटलं, ‘‘खिळे, काय बोलायचं ते नीट ठरवून जाऊ या का? उगाच त्या मुलीची जखम उकरायची.’’ तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला मी शहाणी वाटायचे. ‘‘तुम्ही म्हणाल तसं,’’ म्हणालात. चालकाने दोनदा भोंगा वाजवला आणि गाडी गेली.

मग तुमची छाती भरली. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा नाकात नळी होती तरी तुमचं चालूच होतं. ‘‘पुढच्या महिन्यात जाऊ, हं बाई? थंडी कमी होईल.’’ मी म्हटलं, हो. तुमचा हात धरला होता मी. तेव्हा तरी सांगायचं. शेजारच्या पलंगावरचा रुग्ण आपल्याकडे बघत होता, म्हणून नाही सांगितलं. हे कारणसुद्धा मी तुम्हाला देते आहे, यावरून बाकीची कारणं कशी असतील ते ओळखा.

चार महिने झाले. वहिनी आता आकडे शिवत नाहीत, क्लब ते छापून घेतो. परवा त्यांनी विचारलं, ‘‘त्या मुलीकडे जाऊन आलात का हो? यांच्या मनात फार होतं.’’ मी म्हटलं, जाते. त्यांनी ती शाल पुन्हा माझ्याकडे दिली. कसर लागू नये म्हणून घडीत काहीतरी घातलंय, त्याचा वास माझ्या सगळ्या खोलीला येतो.

पत्ता आहे माझ्याकडे. गाडी सव्वासातला असते, फक्त शनिवारी. काल शनिवार होता.